रतन भगा पाटील उर्फ कोण?

अक्कलकुव्याच्या कचेरीसमोर चिंचेचं झाड आहे. त्या झाडाखाली एक उतरतं मेज, एक सतरंजी, दोन दौती आणि एक माणूस बरीच वर्षं बसलेला दिसतो. तो माणूस मी. सरकारी भाषेत मला अर्जनवीस म्हणतात. डोंगरातून येणारे लोक 'कागदवाला' म्हणतात. घरात काय म्हणतात ते पुढे येईल.

धंदा अगदी सोपा आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं ऐकायचं, त्यातलं रडणं गाळायचं, शिव्या गाळायच्या, सासूची हकीकत गाळायची, आणि उरेल ते 'अर्जदार सविनय सादर करतो की' या शब्दांखाली लिहून द्यायचं. एवढं सगळं गाळल्यावर पुष्कळदा नुसतं नाव आणि गाव उरतं. आणि आमच्या भागात खरं भांडण त्या नावाचंच असतं.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, माणसाला एक नाव असतं, ते सगळ्या कागदांवर तेच असतं. असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस चिंचेखाली येऊन बसावं. मोलगीकडचा दित्या माझ्याकडे आला होता. त्याच्या बांबूतोडीच्या परवान्यावर 'दित्या फुल्या' आणि शेताच्या कागदावर 'दित्या गोमा'. फुल्या हा जन्माचा बाप. गोमा हा सासरा. दित्या त्याच्या घरी घरजावई म्हणून राहिला होता, आणि तिकडे घरजावयाला सासऱ्याच्या नावाने ओळखतात. मी विचारलं, "खरा बाप कोणता लिहू?" दित्याने शांतपणे सांगितलं, आणि सोबतच्या माणसाने मला मराठीत समजावलं: "एक बाप जन्म देऊन मोकळा झाला, दुसरा रोज पहाटे नांगराला जुंपतो. बघा तुम्हीच."

तापीकाठच्या एका बड्या पाटलांचंही तेच, फक्त धोतर पांढरं. दत्तक गेल्यामुळे बाप बदललेला. त्यांची इच्छा अशी की जमीन दोन्ही बापांची मिळावी आणि शेतसारा एकाच बापाच्या नावावर यावा. असले अर्ज मी लिहीत नाही. म्हणजे त्यांचा लिहिला, पण नाराजीने.

या सगळ्यावर आमच्याकडे एकच औषध आहे. त्याचं नाव 'उर्फ'. 'दित्या फुल्या उर्फ दित्या गोमा, हे दोघे एकच इसम आहेत.' या वाक्यावर मी मुलींची लग्नं केली. पण उर्फ लिहायला पुरावा लागतो. उर्फच्या दोन्ही बाजूंची माणसं एकच आहेत, हे ज्यांनी दोन्ही बाजू पाहिल्यात अशांनी सांगावं लागतं. पुरावा गोळा करणं हे माझं खरं काम, आणि ते मी यादी करून करतो.

याद्यांची मला सवय आहे. सवय हा शब्द माझा. बाजाराची यादी, येणाऱ्या अर्जदारांची यादी, पावसाळ्यापूर्वी शाकारायच्या कौलांची यादी. कोणती यादी कुठे ठेवली आहे याचीही एक यादी होती. ती सध्या सापडत नाही. झालेल्या कामावर लाल रेघ, राहिलेल्यावर निळी. खिशात दोन पेन्सिली आणि कानावर टाक. या पद्धतीने कधीच काही चुकत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत इंजिनवाल्या बाबाने घालवली, म्हणून त्याची हकीकत सांगतो.

शेजारच्या खापर गावचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांनी बाबाची गिरणी ऐकलेली असणारच. पाहण्याआधी ती ऐकू येत असे. बाबा मूळचा इटलीचा. फार वर्षांपूर्वी नंदुरबारच्या एका सरकी काढायच्या कारखान्यात तेलाचं इंजिन बसवायला म्हणून तो विलायतेच्या बोटीतून उतरला. इंजिन बसलं आणि बाबाही बसला. कारखान्याचं एक टाकाऊ इंजिन घेऊन त्याने खापरला पिठाची गिरणी काढली. उंच, लालबुंद, निळ्या डोळ्यांचा, डोक्याला आपल्यासारखं पागोटं आणि तोंडात अहिराणी. मराठी त्याला येत नव्हती, इंग्रजी तर त्याहून कमी. अहिराणी मात्र अशी, की बाजारातल्या भाजीवाल्या त्याच्याशी घासाघीस करायला कचरत.

पुढे त्याने सरकारकडे रीतसर अर्ज करून इथला प्रजाजन झाल्याचा दाखला मिळवला. त्या दाखल्यावर नाव होतं आंजेलो बेनाती, बापाचं नाव कार्लो. दाखला त्याने पत्र्याच्या पेटीत घातला आणि विसरून गेला. कारण त्याच सुमारास त्याला लग्न करायचं होतं.

केसरबाई ही खापरचीच, लहान वयात नवरा गेलेली. दळण आणायला यायची. पुढचं वाचकांनी समजून घ्यावं. तिच्या जातीत विधवेचा पाट लागतो, त्याला हरकत नव्हती. पंचांची हरकत एवढीच की नवऱ्याला बाप नाही, कुळ नाही, मग अक्षता कोणाच्या दारात टाकायच्या? तेव्हा गावातले भगा पाटील पुढे आले. म्हातारा निपुत्रिक होता आणि बाबावर त्याचा जीव होता. त्याने पाच पंचांसमक्ष बाबाला मांडीवर घेतलं. मांडी दुखावली, असं म्हणतात. त्या दिवसापासून बाबा 'रतन भगा पाटील' झाला. गिरणीचा परवाना, घरपट्टी, विहिरीचा कागद, सगळं त्या नावाने. आणि हाक मारायला अख्ख्या गावाला 'बाबा' एवढं पुरेसं होतं.

मग लढाई आली आणि इटली इंग्रज सरकारच्या विरुद्ध बाजूला गेली. त्या देशाच्या माणसांना गोळा करून लांबच्या छावणीत ठेवायचा हुकूम निघाला. जे इथले प्रजाजन झाले असतील त्यांना सूट होती. फौजदार खापरला गेले, तेव्हा बाबाने हसतमुखाने पेटी उघडली आणि दाखला दिला.

फौजदार माणूस वाईट नव्हते. त्यांची अडचण खरी होती. कचेरीत त्यांनी ती मामलेदारसाहेबांपुढे मांडली आणि बाबाकडे वळून म्हणाले, "तू रतन असशील, तर हा दाखला कुणाचा उचललास? आणि तू आंजेलो असशील, तर रतन होऊन इतकी वर्षं का लपलास?"

बाबा म्हणाला, "साहेब, मी दोन्ही शे. माले दोन बाप शेतस, त्याले मी काय करू?"

आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इटलीच्या माणसाची अहिराणी पुण्याच्या माणसाला मराठीत समजावून सांगायचा प्रसंग माझ्यावर आला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला पटतं. पण मला पटून चालत नाही. दोन्ही एकच, हे सांगणारा पुरावा आणा. पुढच्या तारखेला पुरावा नसेल तर याला छावणीत पाठवण्यावाचून मला गत्यंतर नाही."

केसरबाई दाराबाहेर बसली होती. तिने मला अडवलं. पदर कपाळावर, नजर माझ्या चपलांवर. "भाऊ, यासले लई जातीन का?"

"मी आहे ना," मी म्हणालो. आणि टाक कानावरून काढून लगेच यादी सुरू केली.

यादी उत्तम होती. अजूनही माझ्याजवळ आहे. वाचली की हसू येतं. पहिला मुद्दा, सही जुळवणे. दाखल्याच्या वेळची सही आणि आजची सही. पण मध्यंतरी गिरणीच्या पट्ट्यात बाबाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेलेली. सही बदललेली, अंगठा तर मुळात नाहीच. दुसरा मुद्दा, फोटो. दाखल्यावर फोटो नव्हता. तिसरा, जुना पासपोर्ट. तो दाखला घेताना सरकारजमा झालेला. चौथा, त्या वेळी जामीन राहिलेले दोन गृहस्थ. एक नंदुरबारचे शेठ, ते वारले. दुसरे आफ्रिकेत दुकान टाकायला गेले ते तिकडेच. नंदुरबारचा कारखानाही बंद पडून त्याच्या जागी शेळ्या चरत होत्या. मी स्वतः जाऊन पाहून आलो. एका शेळीने माझ्या यादीचा कोपरा खाल्ला.

पाचवा मुद्दा होता 'प्रतिष्ठित इसमांच्या जबान्या'. इथे मला पूर्ण भरवसा होता. खापरच्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला मी भेटलो. प्रत्येकजण बाबासाठी जीव द्यायला तयार होता. अडचण एकच: 'आंजेलो' हे नाव त्यांच्यापैकी कोणीच आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मी त्यांना बजावलं, "एवढंच सांगा, की हा माणूस परदेशातून आला आणि पुढे रतन झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारी मान हा माझ्या अनुभवात सर्वांत घातक पुरावा आहे.

तारखेच्या दिवशी पहिलेच उभे राहिले उखाबाबा. गावातले सगळ्यांत वयस्कर, म्हणून मी त्यांना पहिल्या क्रमांकावर घातलं होतं. साहेबांनी विचारलं, "याला किती वर्षांपासून ओळखता?"

उखाबाबांना वाटलं, ओळख जितकी जुनी तितकी बाबाची सुटका लवकर. त्यांनी काठी आपटली. "साहेब, हाऊ रतन मन्हा समोर जन्मना! मी सवता गावमा साखर वाटी!"

साहेबांनी बाबाच्या निळ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग उखाबाबांकडे. "मग याचे डोळे असे कसे?"

"मायवर गया व्हई, साहेब."

दुसरा साक्षीदार पहिल्याचं ऐकून शहाणा झाला होता. त्याने सांगितलं, आम्ही दोघं लहानपणी बैलं चारायला बरोबर जायचो. तिसऱ्याने बाबाच्या बारशाचा मेनू सांगायला सुरुवात केली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं.

फौजदार मला म्हणाले, "अर्जवाले, एवढे खोटे साक्षीदार एका दिवसात मी चोरीच्या खटल्यातही पाहिले नाहीत."

"खोटे नाहीत हो," मी म्हणालो. "मदतीला आलेत."

साहेबांनी शेवटची एक तारीख दिली. आठवड्यानंतरची. त्यानंतर छावणी. बाबा बाहेर येऊन पायरीवर बसला आणि उखाबाबांना म्हणाला, "दादा, साखर वाटी तवय माले काय दिधं व्हतं रे?" उखाबाबा रडत होते. बाबा त्यांची पाठ थोपटत होता. केसरबाई हसलीही नाही, रडलीही नाही. तिने बाबाचं पागोटं नीट बांधून दिलं आणि दोघं खापरच्या रस्त्याला लागली.

मी घरी आलो आणि यादीतल्या सगळ्या मुद्द्यांवर निळ्या रेघा पाहत बसलो. कचेरीतली गोष्ट घरी बोलायची नाही, असा माझा नियम होता. तोही एका यादीत होता. त्यामुळे गेले कित्येक दिवस मी खापरच्या खेपा घालतोय, एवढंच बायकोला माहीत. खापर तिचं माहेर. तिने एकदोनदा "कोनं काम शे?" म्हणून विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "सरकारी."

आमच्या हिच्या नावाचाही एक घोळ आहे. माहेरी चंद्री, लग्नात आम्ही तिचं नाव बदलून सावित्री केलं. तबकातल्या तांदळांत अंगठीने ते नाव मीच लिहिलं. तेव्हा नावांची विसंगती मी स्वतः निर्माण केल्याचंही एक उदाहरण आहे. पण त्याची जबानी अजून कोणी मागितलेली नाही.

तर मी ओसरीवर बसून दाखल्याची नक्कल करत होतो. आत ती भाकरी थापत होती. लिहिताना शब्द पुटपुटायची मला खोड आहे. मी पुटपुटलो, "आंजेलो... आता या आंजेलोचं काय करू?"

आतून भाकरी थापण्याच्या ठेक्यावर आवाज आला:

"गहू दया, जवारी दई, पीठ पडनं मऊ,
आंजेलोनं नाव लेस, आते तरी घरमा येऊ?"

गहू दळला, ज्वारी दळली, पीठ मऊ पडलं. पण आंजेलो? टाक माझ्या हातातून पडला. मी स्वयंपाकघरात गेलो. "काय म्हणालीस?"

"काय म्हनसू? केसरअक्कानं नाव घेनं शे. पाट लागना तवयनं."

"आंजेलो हे नाव तुला ठाऊक आहे?"

"बठ्या खापरले ठाऊक शे."

"खापरात मी प्रत्येक घरी जाऊन विचारलं!"

तिने भाकरी तव्यावर टाकली. "माणसंसले इचारं व्हई."

अहिराणीत 'माणसं' म्हणजे फक्त पुरुष. वाचकांपैकी पुरुषांनी इथे जरा थांबावं, मीही थांबलो होतो. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. उच्चारते ते फक्त उखाण्यात, आणि तो उखाणा घ्यायचा बायकांच्यात: उंबऱ्यावर, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला. तिथे पुरुष नसतात; उंबऱ्यावर फार तर नवरदेव. म्हणजे एखाद्या गावातल्या सगळ्या पुरुषांची नावं जिथे तोंडपाठ आहेत, अशा एकमेव सभेत मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. माझ्या यादीत रकाना होता: 'स्त्री साक्षीदार'. त्यापुढे मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'लागू नाही'.

ती सांगू लागली. पाट लागला त्या संध्याकाळी केसरबाईला बायकांनी उंबऱ्यावर अडवलं. बाबा तिथे नव्हता. इंजिन बंद पडलं म्हणून नवरदेव अक्षता पडताच गिरणीत पळाला होता. बायका म्हणाल्या, नाव घे, रतनचं. केसरबाईने सगळ्यांना चकित केलं. बाबाची आई त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, ते तिने आधीच त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"मंग आम्ही म्हनं, अवं, रतन म्हन," माझी बायको म्हणाली. "तं ती काय बोलनी? बाप त्यासनी नवा लिधा. माय काय नवी लेवाय का?"

एवढं विचित्र नाव आणि एवढा गोड उखाणा. मग दर हळदीकुंकवाला केसरबाईला तोच पुन्हा म्हणायला लावायच्या. तिच्या उखाण्याशिवाय कोणाचंच हळदीकुंकू पार पडत नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीन म्हनं, सरकारी शे."

शेवटच्या तारखेला माझ्याबरोबर खापरच्या सात बायका होत्या आणि माझी एक. पट्टेवाल्याने इतक्या बायका कचेरीत कधी पाहिल्या नव्हत्या. फौजदार म्हणाले, "साहेब, उखाणा हा काय पुरावा? अर्जवाल्यांनी आठवडाभरात पढवून आणल्या असतील." मागच्या तारखेचे माझे साक्षीदार पाहता त्यांना दोष देता येत नव्हता.

साहेब म्हणाले, "ऐकू तरी."

पहिली साक्षीदार माझी बायको. कारकुनाने विचारलं, "नाव?"

"सावित्री."

"नवऱ्याचं नाव?"

तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. मी घाईने म्हणालो, "त्र्यंबक..."

"साक्षीदाराने सांगायचं," साहेब म्हणाले. "तुम्ही नाही."

कारकुनाने टाक उचलून धरला. सात बायका पदराआड कुजबुजल्या. माझ्या बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि या कचेरीत मी वीस वर्षं मिळवलेली सगळी अब्रू दोन ओळींत उतरवली:

"हातमा यादी, खिसामा यादी, कानवर ठेयेल टाक,
त्र्यंबकरावनं नाव लेस, घरनी आयकतस का हाक?"

पहिला हसला तो पट्टेवाला. मग कारकून. मग फौजदारांनी तोंड खिडकीकडे वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मला पुढे कळलं की हा उखाणा अक्कलकुव्यातही प्रसिद्ध आहे. मला सोडून सगळ्या घरांत.

मग एकेक बाई स्वतंत्र आत आली आणि आंजेलोचा उखाणा म्हणून गेली. सगळ्या बरोबर. इतक्या बरोबर की फौजदार पुन्हा म्हणाले, "पढवलंय." साहेब विचारात पडले. तेवढ्यात दाराशी उभा असलेला पट्टेवाला एक पाऊल पुढे आला. तो तळोद्याचा, खापरशी त्याचा काही संबंध नाही.

"साहेब, माफी करा. पन हाऊ उखाणा ते मन्हा शे!"

"म्हणजे?"

"मन्ही बायको घरमा उनी तवय हाऊच म्हनेल शे. गहू दया, जवारी दई. आंजेलोनी जागावर मन्हं नाव." त्याला आपल्या उखाण्याची चोरी झाल्याचं खरोखर दुःख झालेलं दिसत होतं. "मन्हं लगीन लढाईना कितला तरी साल पहिले."

साहेबांनी त्याच्या बायकोला ताबडतोब बोलावणं पाठवलं, आणि त्याला स्वतःला जागचं हलू दिलं नाही. ती आली ती हात पुसत. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. उखाणा कुठून शिकलीस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, आत्याकडून, आणि आत्या खापरच्या बाजाराला जाते. आमच्याकडे त्याला 'आंजेलोवाली'चा उखाणा म्हणतात. आंजेलो कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, एखादा देव असेल.

फौजदारांनी टोपी काढून मेजावर ठेवली. "आता मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले.

"एकच राहिलं," साहेब म्हणाले. "केसरबाईच्या तोंडून ऐकायला हवं. कायदा तसा आहे."

केसरबाई उभी राहिली. आतापर्यंत इतर बायकांनी तिचं काम केलं होतं; पण आता खोलीभर पुरुष, आणि त्यांच्यात तिचा नवरा. तिने भिंतीकडे तोंड केलं. बाबा टोपी हातात धरावी तसं पागोटं हातात धरून उभा होता. पुरुष साक्षीदारांपैकी उखाबाबा तेवढे आले होते, ते दारातून म्हणाले, "म्हन वं पोरी. आम्ही कान झाकतस." आणि त्यांनी खरंच कान झाकले.

भिंतीला सांगावं तसं तिने सांगितलं. आवाज लहान, पण ठेका तोच:

"गहू दया, जवारी दई, पीठ पडनं मऊ,
आंजेलोनं नाव लेस, आते यासले घर लई जाऊ?"

शेवटची ओळ तिने बदलली होती. साहेबांना अहिराणी पुरती कळत नव्हती, त्यांनी भाषांतरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी धुळीचं निमित्त सांगून डोळे पुसत होतो; धूळ नव्हती, हे इथे कबूल करतो. फौजदारच म्हणाले, "साहेब, ती विचारतेय, आता यांना घरी घेऊन जाऊ का?"

"जा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लिहा. रतन भगा पाटील उर्फ आंजेलो कार्लो बेनाती, हे दोघे एकच इसम आहेत."

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला उर्फ. आणि मला टाक सापडेना. मेजावर नाही, खिशात नाही, सतरंजीखाली नाही. साहेब वाट पाहतायत, कारकून वाट पाहतोय. दारातून बायकोचा आवाज आला:

"कानवर शे."

हुकूम लिहून, ओल्या शाईवर वाळू टाकून मी बाहेर आलो तेव्हा बायका पुढे निघून गेल्या होत्या. चिंचेखाली, माझ्या मेजाशेजारी बाबा आणि केसरबाई दोघंच उभी होती. अर्ध्या आयुष्याच्या संसारात बाबाने आपलं ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. उंबऱ्यावरचा उखाणा झाला तेव्हा तो इंजिनाशी झगडत होता, आणि पुढच्या सगळ्या हळदीकुंकवांना त्याला मज्जाव होता. पूर्वी ते नाव हाकेत कोणी घेत असेल तर ती त्याची आई, आणि ती फार दूर, फार पूर्वी.

मी थांबलो. माझं मेज होतं, पण जागा त्यांची होती.

बाबा खाली मान घालून म्हणाला, "आखो एकडाव म्हन ना."

केसरबाईने इकडे तिकडे पाहिलं. मला पाहिलं. पदर पुढे ओढला.

"आते घर चाला," ती म्हणाली. "घर म्हनसू."